ड्रोनच्या शिबिरांआधी मुलांना उतारावरचे ग्लायडर शिकवा

संपादक महोदय,

उन्हाळी सुटी जवळ आली की ठाणे आणि नवी मुंबईत ‘ड्रोन बनवा’ शिबिरांचे फलक झळकू लागतात. मुलांना सुट्या भागांचा डबा मिळतो, स्क्रू पिळले की चार पंखे गुणगुणायला लागतात आणि यंत्र जागच्या जागी तरंगते. तरंगते, कारण तोल सांभाळायचे काम आतली चिप करते. मुलाला हवा कळत नाही, पंख कळत नाही, तोल तर नाहीच नाही. या तिन्ही गोष्टी हाताला शिकवणारा एक छंद आपल्या जिल्ह्यात सहज करता येतो, आणि तो म्हणजे डोंगरउताराच्या वाऱ्यावर उडणारे, मोटर नसलेले रेडिओ कंट्रोल ग्लायडर. त्याची माहिती मराठीत फारशी मिळत नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

मुंब्र्याच्या डोंगरावर दुपारी तीन-चारच्या सुमारास नजर टाकावी. माथ्याच्या थोड्या पुढे घारी पंख न हलवता तासन्‌तास तरंगताना दिसतात. खाडीवरून येणारा वारा डोंगराला अडतो आणि उताराच्या कलाने वर चढतो. ताशी २० किमी वारा म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ३० अंशांच्या उतारावर त्यातला एक-दीड मीटर तरी उभा वर जाणारा मिळतो. बरे बांधलेले ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येते. वर जाणारी हवा त्याहून जास्त असली की ते खाली येतच नाही. ऑर्व्हिल राइट यांनी २४ ऑक्टोबर १९११ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकडीवर इंजिनाशिवाय ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत काढली, ती याच वाऱ्याच्या जोरावर.

पहिले मॉडेल शेपटीशिवायचे, नुसत्या मागे झुकलेल्या पंखाचे असावे. त्याला शेपूट नसल्याने मोडण्यासारखे थोडेच उरते. सामान म्हणून ईपीपी (एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलीन) हा लवचिक फोम घ्यावा. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पहिल्याच आपटीत त्याचे दाणे होतात आणि फेव्हिक्विक लागले की तो विरघळतो. ईपीपी दगडावर आपटला तरी दबून पुन्हा फुगतो. २० किलो प्रति घनमीटर घनतेचा फोम पुरतो, पूर्ण पंखाला जेमतेम १०० ग्रॅम लागतो.

मापे अशी ठेवावीत : एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० सेंमी, मध्यावर पंखाची रुंदी ३० सेंमी, टोकाला २० सेंमी, आणि टोकाची पुढची कड नाकापेक्षा, म्हणजे पंखाच्या मध्यावरच्या पुढच्या टोकापेक्षा, २५ सेंमी मागे. क्षेत्रफळ ३,००० चौरस सेंमी होते. तयार वजन ५५० ते ६०० ग्रॅममध्ये बसवावे. वजन ८०० वर गेले तर ते उडेल, पण आपल्याकडच्या मध्यम वाऱ्यात नव्हे.

पंखाचा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, एमएच-४५ सारखा, शेपटीविना उडणाऱ्या पंखांसाठी आखलेला घ्यावा. नेहमीच्या विमानाचा छेद इथे चालत नाही, तो नाक खाली दाबतो आणि ते वर धरायला शेपूटच नसते. छेदाचे दोन साचे सनमायकाचे कापावेत, एक ३० सेंमीचा आणि एक २० सेंमीचा, आणि त्यांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. साच्यावर एक बारीकशी खाच जरी राहिली तरी तार तिथे अडते आणि पंखावर आडवा चर पडतो.

कापण्यासाठी २८ गेजची नायक्रोम तार लाकडी धनुष्याला ताणून बांधावी. ७० सेंमी तारेचा रोध सुमारे सात ओहम भरतो, १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर पावणेदोन अँपिअर जातात, तेवढी उष्णता पुरते. दोन्ही साच्यांवर ० ते १० असे सारखे भाग पाडून खुणा कराव्यात. दोघांनी दोन टोके धरायची आणि एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे : मोठ्या साच्याकडचा ‘चार’वर असेल तेव्हा लहान साच्याकडचाही ‘चार’वर हवा. ३० सेंमीला दीड-दोन मिनिटे लागू द्यावीत. घाई केली की तारेचा मधला भाग मागे रेंगाळतो आणि पंखाचा छेद मध्ये बिघडतो. हे काम गच्चीत किंवा गॅलरीत करावे, बंद खोलीत कधीच नाही. आणि पीव्हीसीचा फोम तारेने अजिबात कापू नये, त्याचा धूर विषारी असतो.

कापून उरलेले वरचे-खालचे तुकडे फेकू नयेत. तेच पंखाचे पाळणे. पुढची सगळी चिकटवाचिकटवी पंख त्या पाळण्यात ठेवूनच करायची, म्हणजे त्याला पीळ बसत नाही.

दोन्ही अर्धे पंख मध्ये जोडले की खालच्या बाजूने, नाकापासून २० सेंमीवर, आडवी सरळ खाच पाडून ६ मिमी जाडीची, ८० सेंमी लांबीची कार्बन नळी बसवावी. ती अखंड हवी. मध्ये जोड दिलेली नळी पहिल्याच जोरदार वळणात तिथेच दुमडते. त्यावर फिलामेंट टेपच्या, म्हणजे आत धागे असलेल्या मजबूत टेपच्या, दोन-दोन पट्ट्या वर आणि खाली, टोकापासून टोकापर्यंत लावाव्यात. वरून पॅकिंगची रंगीत टेप. स्प्रे गोंदाचा हलका हात दिल्याशिवाय टेप ईपीपीला धरत नाही, दोन दिवसांत कडा सुटतात. टेप ताणून लावू नये, आणि वरची एक पट्टी झाली की खालची एक, असे आलटून-पालटून जावे. सगळी वरची बाजू आधी उरकली तर टेप ओढून पंख धनुष्यासारखा वाकवते.

पीळ तपासायला स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी जागा नाही. ग्रॅनाइटवर पंख ठेवून दोन्ही टोकांची मागची कड ओट्यापासून किती वर आहे ते पट्टीने मोजावे. दोन्हीकडे फरक २ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर पंख उलट दिशेने पिळून धरावा आणि टेपवरून कोमट इस्त्री फिरवून तो थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. हा अर्धा तास वाचवणाऱ्यांचे ग्लायडर सतत एकाच बाजूला वळत राहते आणि मग दोष रेडिओला दिला जातो.

मागच्या कडेला ४ सेंमी रुंद, ५० सेंमी लांब, बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन पट्ट्या, म्हणजे एलेव्हॉन, टेपच्या बिजागरीने बसवाव्यात. दोन्ही मिळून वर-खाली गेल्या तर नाक वर-खाली होते, एक वर आणि एक खाली गेली तर पंख कलतो. टोकांना १५ सेंमी चौरसाचे उभे पत्रे लागतात. त्यासाठी प्रचाराच्या फलकांची सनपॅक शीट उत्तम. एलेव्हॉन हलवणारी छोटी यंत्रे, म्हणजे सर्व्हो, दोन, लहान, पण धातूच्या दातऱ्यांचे. प्लास्टिक दातऱ्यांचा ९ ग्रॅमचा सर्व्हो स्वस्त असतो, मात्र उतरताना एलेव्हॉन गवतात अडकली की त्याचे दाते जातात, आणि पुढच्या उड्डाणात ते हवेत कळते. ग्लायडरमध्ये बसून रेडिओचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला चार एए आकाराचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल पुरतात. चौघांचे मिळून शंभरेक ग्रॅम होतात, आणि ते वजन नाकात लागणारच असते.

हातात धरायचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, किमान चार चॅनेलचा आणि एलेव्हॉन मिक्सिंग (दोन्ही प्रकारच्या हालचाली त्याच दोन एलेव्हॉनकडून करून घेण्याची सोय) असलेला हवा. फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा साधा संच पुरेसा आहे. रिसीव्हरच्या अँटेनाच्या दोन तारा एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात आणि कार्बनच्या नळीला समांतर चिकटवू नयेत, कारण कार्बन लहरी अडवतो. मग ग्लायडर आपल्यापासून पुढे तोंड करून ठेवावे. रेडिओवरची स्टिक आपल्याकडे ओढली की दोन्ही एलेव्हॉन वर उठल्या पाहिजेत, उजवीकडे नेली की उजवी वर आणि डावी खाली. हे प्रत्येक दिवशी, प्रत्येक पहिल्या फेकीआधी पाहावे. मिक्सिंग उलटे जोडलेले असेल तर ग्लायडर तीन सेकंदांत संपते. मधल्या स्थितीत दोन्ही एलेव्हॉन २ ते ३ मिमी वर ठेवाव्यात. नाक वर-खाली करायला ७ मिमी हालचाल पुरे, कलण्यासाठी १२ मिमी. नवशिक्याला नेहमी ‘कमी हलते’ असे वाटते. उडाल्यावर ते जास्तच ठरते.

आता तोलबिंदू, म्हणजे वजनाचा मध्य. या छंदातली नव्वद टक्के मोडतोड इथे होते असे आमचे मत आहे. पतंगाची कन्नी एक बोट वर-खाली झाली तर पतंग गोते खातो की नाही, तसेच हे. वर दिलेल्या मापांच्या पंखाला हवेचा आधार सरासरीने नाकापासून १८ सेंमीवर मिळतो. वजनाचा मध्य त्याच्या पुढेच असला पाहिजे. मागे गेला तर कोणताही माणूस ते उडवू शकत नाही, नाक एकदा वर गेले की जातच राहते, मग पंख उलटतो. सुरुवातीला तोलबिंदू नाकापासून बरोबर १६ सेंमीवर ठेवावा. पंखाच्या खालून, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे सोडून, १६ सेंमीवर पेनने खुणा कराव्यात आणि दोन पेन्सिलींच्या रबरांवर पंख टेकवून पाहावा. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. मागच्या कडेकडे कलत असेल तर नाकात शिसे भरावे. कोळी बांधव जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या बाजारात मिळतात, त्या यासाठी सोयीच्या पडतात. पण शिसे आणि सेल नाकाच्या अगदी टोकाला ठेवू नयेत. पुढे किमान दोन सेंमी मऊ फोम राहू द्यावा, समोर कोणाचे डोके आले तर ते वाचावे म्हणून. ६०० ग्रॅमची वस्तू ताशी ६० किमीने आली तर ती खेळणे राहत नाही.

नाकात जास्त शिसे भरले तर सुरक्षित, असाही एक समज आहे. तोल १४ सेंमीवर नेला तर पंख नाक खाली घालून पळतो, त्याला वर धरायला एलेव्हॉन खूप उचलाव्या लागतात आणि त्याच त्याला मागे ओढतात. वारा जरा मंदावला की ते ग्लायडर दरीत बसते. तोल अचूक झाला का, हे उंचीवर असताना एका चाचणीने कळते. सरळ जाणाऱ्या पंखाचे नाक ३० अंश खाली दाबून दोन सेकंदांनी स्टिक सोडावी. सावकाश वर येत असेल तर काही करू नये. झटकन वर उसळी घेत असेल तर नाक जड आहे. आणखी खालीच कोसळू पाहत असेल तर ताबडतोब उतरवून शिसे वाढवावे. बदल एका वेळी ३ मिमीचा, अधिक नाही. १६.७ सेंमीच्या मागे जाण्याची घाई पहिल्या वर्षी करू नये.

डोंगरावर जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी, वारा पडला असताना, मऊ गवताच्या मैदानात खांद्याच्या उंचीवरून सरळ फेकून पाहावे. दहा-बारा मीटर अलगद जाऊन टेकले तर पुढचे पाऊल.

वारा कसा ओळखावा? कोकणपट्टीत नोव्हेंबर ते मे सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने येतो, दुपारी फिरून पश्चिम-वायव्येचा होतो. म्हणून उतार पश्चिमेला किंवा वायव्येला तोंड करून हवा आणि वेळ दुपारी दोन ते पाच. झाडाची पाने-डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किमी आहे, उडवण्याजोगा. धूळ आणि कागद उडू लागले की २० ते २८, हा सरावलेल्यांचा. वर दिलेल्या पंखाचा आरामाचा वेग ताशी ३० किमीच्या आसपास आहे, त्यामुळे वारा त्याच्या वर गेला की नवशिक्याच्या हातात ते पुढे सरकत नाही, मागे ढकलले जाते. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा जोरदार असतो, पण झटक्यांचा. त्यात पहिले धडे गिरवू नयेत.

मागे ढकलले जाणे इतके वाईट का, हे समजून घ्यावे. माथा ओलांडला की वारा खाली वळून भोवऱ्यासारखा गरगरतो. ओढ्यात मोठ्या दगडामागे पाणी उलटे फिरते, तसेच. त्या भोवऱ्यात नाक वर असो की खाली, हवा पंखाला जमिनीवर आपटते. माथा गोलसर आणि गवताळ असेल तर भोवरा लहान. सरळ तुटलेल्या कड्यावर तो काठापासूनच सुरू होतो. म्हणून पारसिकच्या रांगेतल्या जुन्या खाणींचे उभे कडे दिसायला कितीही मोहक असले तरी निरुपयोगी आणि धोक्याचे आहेत, त्यांच्या कडा ढासळतात हे वेगळेच. समोर टोलेजंग इमारती उभ्या असतील तर त्यांच्यामागे फाटलेला वारा डोंगरावर येतो. नवी मुंबईतल्या अनेक टेकड्यांवरून उच्चदाबाच्या वीजवाहिन्याही जातात. तिथून दूरच राहावे, आणि तारेवर अडकलेले ग्लायडर काढायला काठी घेऊन कोणीही जाऊ नये.

कायद्याचा भाग थोडक्यात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षण वा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या यंत्राला सरकारी मान्यतेचा दाखला) लागत नाही. दोन किलोपर्यंत, व्यवसायासाठी नसेल तर, पायलटचा परवानाही लागत नाही. पण जागेची बंधने सर्वांना आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे दाखवलेले असतात. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर उंचीपर्यंत मुभा, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी अंतरात फक्त ६० मीटर. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुरू झाल्यावर खारघर-बेलापूरच्या टेकड्यांचे गणितच बदलले. पूर्वी कोणी तिथे उडवले असेल, म्हणून आज चालते असे नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, तिथे हा विषयच नको. पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात, ते त्या दिवशी पाहून घ्यावेत.

इथे एक बारकावा हमखास निसटतो. उंची मोजायची ती मॉडेलच्या खालच्या जमिनीपासून, आपल्या पायापासून नाही. १०० मीटर उंच टेकडीवर उभे राहून डोळ्यांच्या पातळीवर उडणारे ग्लायडर दरीवर गेले की ते जमिनीपासून १०० मीटरवरच असते. आणखी थोडे चढले की मर्यादा ओलांडली. म्हणून ३०-४० मीटर उंचीची टेकडीच सगळ्या दृष्टीने चांगली. मुरबाड-शहापूरच्या बाजूला अशा बोडक्या टेकड्या आहेत. जमीन वनखात्याची की खासगी, हे आधी विचारून घ्यावे. शेतकऱ्याला विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही. उभ्या पिकात मात्र पाय टाकू नये.

फेक दोघांची. एकाने रेडिओ धरावा, दुसऱ्याने माथ्याच्या काठाशी उभे राहून, पंख आडवा आणि नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, थेट वाऱ्याच्या तोंडावर ढकलावे. आकाशाकडे फेकू नये. वर फेकलेला पंख वेग गमावतो आणि पायाशी पडतो. सुटल्यावर २०-३० मीटर सरळ पुढे जाऊ द्यावे, मग उताराला समांतर डावीकडे-उजवीकडे आठचा आकडा काढत राहावे. प्रत्येक वळण दरीकडे. डोंगराकडे घेतलेल्या वळणात पाठीवर वारा येतो, जमिनीच्या मानाने वेग दुप्पट भासतो, आणि घाबरून स्टिक ओढली जाते. ग्लायडर आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटते. त्यावर सोपा उपाय असा की जो पंख खाली गेला असेल त्याच बाजूला स्टिक न्यावी, म्हणजे तो वर उचलला जातो. घारींची घरटी जवळपास असतील तर ती जागा सोडावी.

उतरवणे सर्वांत कठीण, आणि तेच कोणी शिकवत नाही. माथ्यामागच्या सपाटीवर उतरवण्याच्या मोहात मॉडेल भोवऱ्यात सापडते. नवशिक्याने काठाच्या किंचित खाली, उताराच्या गवतावरच उतरवावे : उताराला समांतर येत उंची कमी करायची, शेवटी नाक वाऱ्याकडे वळवायचे आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर हळूच ओढायचे. चार पावले खाली उतरून उचलून आणावे लागते, एवढाच त्रास. त्या वेळी काठावर गुरे वा माणसे नाहीत हे एकाने पाहत राहावे.

आमची मागणी मोठी नाही. ठाणे जिल्हा परिषदेने विमानतळाच्या पट्ट्यांबाहेरची, पश्चिमेला तोंड असलेली, तारा आणि खाणी नसलेली एक गवताळ टेकडी शोधून शनिवार-रविवारी दुपारपुरती या छंदासाठी राखावी. माथ्यावर ३० बाय ५० मीटर मोकळी जागा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे एक विंडसॉक, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायवाट बाजूने वळवायला एक दोर एवढे पुरे आहे. दोन्ही शहरांच्या महापालिकांनी आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत एकेक गरम तारेचे धनुष्य आणि सनमायकाच्या साच्यांची जोडी ठेवावी. शिकवायला येण्याची आमची तयारी आहे.

आपले,
मॉडेल ग्लायडर बांधणारे व उडवणारे काही वाचक, ठाणे आणि ऐरोली